आपल्या साहेबांना ‘साहेब’ म्हणू नये

पुण्यात जपानी शिकलेल्या बहुतेकांच्या कपाटात ‘मिन्ना नो निहोंगो’ची पुस्तकं असतात. प्राथमिक भागाचे एकूण 50 धडे, आणि त्यातले शेवटचे दोन, 49वा आणि 50वा, ‘केइगो’चे, म्हणजे आदरार्थी भाषेचे. तिथवर येईतो बॅच विरळ झालेली असते, परीक्षा तोंडावर असते, शिकवणाऱ्या बाईंनाही पोर्शन संपवायची घाई असते. 49व्यात समोरच्याला मोठं करणारी क्रियापदं, 50व्यात स्वतःला लहान करणारी. तक्ता पाठ करायचा, रिकाम्या जागा भरायच्या आणि मोकळं व्हायचं. पुढे मी चाकणला एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागले, मग काही वर्षं नागोयातल्या कचेरीत होते, आता पुण्यात बसून ऑनलाइन बैठकांचं काम करते. पोटापाण्याला जी जपानी लागली, ती बहुतेक या घाईत उरकलेल्या दोन धड्यांमधलीच.

केइगो म्हणजे खूप लवणं, खूप वाकणं, सतत माफी मागणं, असा आपल्याकडे समज आहे. जपानी माणसं नम्र असतात म्हणून त्यांची भाषाही नम्र, असं म्हणून विषय मिटवला जातो. मला हे कधीच पटलं नाही. नागोयाच्या कचेरीत मी अत्यंत उद्धट माणसं अत्यंत शुद्ध केइगोत बोलताना ऐकली आहेत. नम्रता हा स्वभावाचा भाग झाला. केइगो हे व्याकरण आहे, आणि या घडीला कोण कोणाच्या बाजूला उभं आहे हे सांगणं, हे त्याचं मुख्य काम आहे.

‘पाहणं’ घ्या. साधं क्रियापद ‘मिरु’. समोरच्यानं पाहिलं तर ‘गोरान नि नारु’, मी पाहिलं तर ‘हाइकेन सुरु’. ‘बोलणं’ तुमचं असेल तर ‘ओश्शारु’, माझं असेल तर ‘मोओसु’. खाण्याचंही तसंच, तुम्ही ‘मेशिआगारु’ आणि मी ‘इतादाकु’. आता गंमत अशी, की जपानी वाक्यात कर्ता सांगायची फारशी पद्धत नाही. ‘तुम्ही’ हा शब्द तर कामाच्या ठिकाणी जवळजवळ उच्चारतच नाहीत. मग ड्रॉइंग कुणी पाहिलं, दुरुस्ती कुणी सांगितली, कोण कोणाकडे येणार आहे, हे कळायचं कसं? क्रियापदावरून. ‘हाइकेन’ आलं की पाहणारे आम्ही, ‘गोरान’ आलं की पाहणारे तुम्ही. बैठकीत एखादे वयस्कर गृहस्थ तोंडातल्या तोंडात लांबलचक वाक्य बोलतात, मध्ये एकही नाव नाही, एकही सर्वनाम नाही. दुभाषा अशा वेळी आदरार्थी क्रियापदांच्या आधारानेच पार जातो. नवशिक्यांना केइगोची धास्ती वाटते. मला ते नसेल तर धास्ती वाटते.

पण कोण ‘आपला’ आणि कोण ‘बाहेरचा’ हे काही कायमचं ठरलेलं नसतं. जपानीत आतल्यांना ‘उचि’ म्हणतात, बाहेरच्यांना ‘सोतो’, आणि ही रेघ दर फोनगणिक सरकते.

जपानमध्ये नवी भरती 1 एप्रिलला रुजू होते. पहिले काही आठवडे प्रशिक्षण: वाकावं किती, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यावं, खोलीत दारापासून दूरची खुर्ची पाहुण्याला कशी द्यावी, टॅक्सीत चालकाच्या मागची जागा मानाची आणि चालकाच्या शेजारची सर्वांत कनिष्ठाची कशी. आणि फोन. आमच्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका मुलीचं टेबल दाराशी होतं, बाहेरचा फोन आधी तिच्याकडे वाजे. तीन घंटांच्या आत उचलायचा; उशीर झाला तर पहिलं वाक्य ‘आपल्याला तिष्ठत ठेवलं’ असं. डाव्या हातात रिसीव्हर, उजव्या हातात पेन, पुढ्यात निरोपाचा कागद. ‘मोशि मोशि’ नाही, ते घरी. आधी कंपनीचं नाव, मग ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’, आपल्या कृपेनं आमचं नेहमीच चाललं आहे. पलीकडच्या माणसाशी ती जन्मात पहिल्यांदा बोलत असे, तरी ‘नेहमीच’. आपल्याकडच्या पत्रातल्या ‘सा. न. वि. वि.’चा अर्थ जसा कुणी फोडून पाहत नाही, तसंच हे. नसेल तर मात्र लगेच खटकतं.

मग पलीकडून विचारणा होई, काचोओ, म्हणजे सेक्शनचे प्रमुख, आहेत का. त्यांचं आडनाव आपण सुझुकी धरू. त्या भागात गल्लोगल्ली सापडणारं. सुझुकीसाहेब तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, त्यांच्यापुढे ती मान वर करून बोलत नसे. पण फोनवर ती सरळ म्हणे, ‘सुझुकी वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु’. सुझुकी जागेवर नाही. साहेब नाही, आदराचं ‘सान’ नाही, नुसतं आडनाव, आणि क्रियापदही स्वतःला लहान करणारं. हे सुझुकी चार पावलांवर झेरॉक्स मशीनपाशी उभे असत आणि सगळं ऐकत. त्यात त्यांना वावगं काही वाटत नसे. उलट तिनं ‘सुझुकीसान’ म्हटलं असतं तर त्यांनीच नंतर बोलावून समज दिली असती. बाहेरच्या माणसापुढे सुझुकी हे कंपनीचा एक भाग, आणि कंपनीला तर लहानच व्हायचं असतं. नंबर लिहून घेऊन ती तो पुन्हा वाचून दाखवी, आपलं नाव सांगे, पलीकडच्यानं फोन ठेवेपर्यंत थांबे, मग रिसीव्हर न आपटता बोटानं खटका दाबी. दुसऱ्या क्षणी मशीनकडे वळून, वाकून, ‘सुझुकी काचोओ’ म्हणत निरोप देई. रेघ सरकलेली असे, सुझुकी पुन्हा साहेब झालेले असत.

मराठी माणसाला हे जड जातं. आपण बाहेरच्यापुढे आपल्या साहेबांचा मान उलट जास्त राखतो. ‘आमचे साहेब मीटिंगमध्ये आहेत’ याऐवजी ‘जोशी बाहेर गेलाय’ म्हणून बघा रिसेप्शनवर. कोरियन भाषेची रीतही परंपरेनं आपल्यासारखीच, तिथे बाहेरच्याशी बोलतानाही आपल्या वरिष्ठाला मान देतात. जपानीत मान माणसाला चिकटलेला नसतो, तो ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. याचा कळस म्हणजे घरून येणारा फोन. सुझुकींच्या पत्नीनं कचेरीत फोन केला तर ‘सुझुकी जागेवर नाही’ असं म्हणून चालत नाही. त्यांच्या लेखी नवरा घरचा आणि आपण बाहेरचे, तेव्हा तिथे सुझुकींना पूर्ण आदर द्यायचा. तोच माणूस, तीच रिकामी खुर्ची, तोच फोन, आणि व्याकरण उलटं. चाकणला येणाऱ्या नव्या दुभाषांना मी क्रियापदांच्या तक्त्याआधी हा घरच्या फोनचा किस्सा सांगते. तो ज्याच्या गळी उतरला त्याला पुढचं सोपं जातं.

या सगळ्याला सरकारी बैठकही आहे. 1952 साली जपानच्या भाषाविषयक समितीनं ‘कोरे कारा नो केइगो’, म्हणजे ‘यापुढचं केइगो’, अशी शिफारस केली. यापूर्वीची आदरार्थी भाषा उच्चनीचतेवर उभी होती, यापुढची परस्परांच्या सन्मानावर असावी, आणि ती सोपी असावी, असा तिचा रोख. मग 2007 साली सांस्कृतिक व्यवहार मंडळानं ‘केइगो नो शिशिन’ नावाची मार्गदर्शिका काढली. शाळेत तोवर तीन प्रकार शिकवत. या मार्गदर्शिकेनं पाच केले. दुभाषाच्या कामाला ती विभागणी फारशी लागत नाही, पण तिच्या शेवटी प्रश्नोत्तरं आहेत, ती मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. त्यातला एक प्रश्न असा: विभागप्रमुखांना पूर्ण आदरार्थी रूप वापरून विचारलं, ‘आपल्याला फ्रेंचही बोलता येतं का?’ व्याकरण चोख, तरी काहीतरी चुकल्यासारखं का वाटतं? उत्तर: वरिष्ठाची कुवत थेट विचारू नये. ‘येतं का’ नव्हे, ‘आपण फ्रेंचही बोलता का’ असं विचारावं. कॉफीचंही तेच, ‘आपल्याला कॉफी प्यायची इच्छा आहे का’ हे कितीही आदरानं म्हटलं तरी ऐकवत नाही, ‘कॉफी कशी वाटेल’ एवढं पुरे.

हे वाचलं तेव्हा चाकणचा शॉप फ्लोअर आठवला. आमचे इंजिनिअर नागोयाहून आलेल्या तज्ज्ञाला कौतुकानं, मनापासून विचारत, ‘सर, तुम्हाला कॅटिया (डिझाइनचं सॉफ्टवेअर) येतं का?’ आणि प्रात्यक्षिक झाल्यावर, ‘सर, तुम्ही छान समजावता!’ दोन्ही शब्दशः पोचवली तर पाहुणा हसून मान डोलावणार आणि आतून आक्रसणार. पहिलं मी ‘आपण कॅटिया वापरता का’ असं वळवते. दुसऱ्याचं वळण वेगळं: वरिष्ठाच्या कौशल्याला शाबासकी द्यायची नसते, आपल्याला काय मिळालं ते सांगायचं असतं. म्हणून ‘ताइहेन बेन्क्योओ नि नारिमाशिता’, खूप शिकायला मिळालं. कौतुक पोचतं. कौतुक करणाऱ्यानं परीक्षकाची खुर्ची मात्र घेतलेली नसते.

ईमेलचं तर वेगळंच प्रकरण. पुण्याहून जायच्या मेलचा मसुदा माझ्याकडे येई तो असा: ‘प्लीज सेंड द रिवाइज्ड ड्रॉइंग बाय टुमॉरो, मोस्ट अर्जंट, काइंडली डू द नीडफुल.’ जपानीत तो जाताना आधी समोरच्या कंपनीचं नाव, विभाग, आडनाव आणि ‘सान’हून मोठं ‘सामा’. प्राप्तकर्ते अनेक असतील तर हुद्द्यांच्या उतरत्या क्रमानं. मग ‘ओसेवा’चं वाक्य, मग आपण कोण. मग मजकूर: आपण कामाच्या गडबडीत असाल याची जाणीव आहे, तरी सुधारित ड्रॉइंग उद्या 17 वाजेपर्यंत पाठवता आलं तर मोठी मदत होईल. शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’. एकदा आमचे एक इंजिनिअर माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘मॅडम, कस्टमर तर आपण आहोत ना त्यांचे? मग एवढं लोटांगण कशाला?’

त्यांना मी एवढंच दाखवलं, की त्यांच्या मेलमध्ये वेळ नव्हती आणि माझ्या मेलमध्ये होती. ‘गडबडीत असाल’, ‘तसदी देतोय’, ‘अडचण नसेल तर’ या शब्दांना जपानी लोक ‘कुश्शोन कोतोबा’ म्हणतात, उशीचे शब्द. त्यांच्या मधोमध मागणी मात्र अगदी ठाम असते: कोणतं ड्रॉइंग, कोणती आवृत्ती, किती वाजता. आपल्या ‘मोस्ट अर्जंट’मध्ये आवाज असतो, तपशील नसतो. ड्रॉइंग आलं दुसऱ्या दिवशी, वेळेत. आणि सोबत त्यांचं उत्तर, तितक्याच लोटांगणांसह. दोन्हीकडून सारखंच वाकलं की कुणीच वाकलेलं नसतं.

नकाराचा भाग मात्र खरंच अवघड. ‘मुझुकाशिई देसु’, जरा कठीण आहे, हा जवळजवळ नकारच. ‘केन्तोओ शिमासु’, विचार करतो, हा नकार असू शकतो किंवा नसूही शकतो. चाकणच्या बैठकीत हे वाक्य आलं की टेबलाच्या या बाजूनं लगेच, ‘मॅडम, हो म्हणतायत का नाही, ते आधी सांगा.’ दुभाषांमध्ये यावर दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, बोललेले शब्द पोचवा, अर्थ काढणं तुमचं काम नाही. मी दुसऱ्या तटातली. मी शब्द पोचवते आणि वेगळं करून सांगते की माझा अंदाज अमुक आहे. अंदाजाला माझी खूण साधी आहे: ‘विचार करतो’च्या मागोमाग तारीख आणि विचार करणाऱ्या माणसाचं नाव आलं तर तो खरा विचार; नुसतंच ‘घेऊन जातो आणि विचार करतो’ आलं, तर पुढच्या बैठकीत त्या विषयाचं नावही निघणार नाही. आमच्यातले एक सातारचे सुपरवायझर याला फार सुंदर दाद देत. मी काही बोलायच्या आधीच शेजाऱ्याला सांगत, ‘बघू म्हणाले.’ विषय संपला.

दुभाषांच्या वर्तुळात 1969ची गोष्ट आजही सांगितली जाते. जपानचे पंतप्रधान सातो एइसाकु वॉशिंग्टनला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना भेटले, कापडाच्या निर्यातीवरून ताण होता. सातोंनी ‘झेन्शो शिमासु’, योग्य ते करू, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, ते इंग्रजीत आश्वासनासारखं पोचलं आणि पुढे काहीच न झाल्यानं निक्सन भडकले, अशी ती कथा. सातोंचे नेमके शब्द काय होते यावर वाद आहे, त्यामुळे दोष दुभाषाच्या माथी मारायला मी तयार नाही. योग्य ते करू म्हणणाऱ्या पुढाऱ्याला मराठी माणसानं आश्वासन समजलं नसतं, एवढं मात्र नक्की.

या भाषेचं सगळंच मला आवडतं असं नाही. ‘सासेते इतादाकिमासु’ या रूपाचा सुळसुळाट तर डोकं उठवतो. शब्दशः, तुमच्या परवानगीनं करायची कृपा घेतो. 2007च्या मार्गदर्शिकेत याला दोन अटी सांगितल्या आहेत: खरोखर कुणाची परवानगी लागत असेल, आणि त्यातून आपलं काही भलं होत असेल. आता बैठकीत जो उठतो तो परवानगीनं ‘सादर करतो’, परवानगीनं ‘स्क्रीन शेअर करतो’, परवानगीनं ‘आजारी पडलो होतो’ म्हणायचंच काय ते बाकी. ‘र्योओकाइ’ हा ‘समजलं’ या अर्थाचा शब्द वरिष्ठाला वापरू नये, ‘शोओचि’ म्हणावं, असा दंडक शिष्टाचाराच्या पुस्तकांनी अलीकडे इतका पसरवला की पोरं मेल पाठवायला घाबरतात. कोशकारांनीही या दंडकाला फारसा आधार नसल्याचं म्हटलं आहे. दुकानांमधलं पाठ करून घेतलेलं केइगो हा आणखी वेगळा प्रकार. काउंटरवरच्या विद्यार्थ्यानं सर्वोच्च आदराची भाषा बोलायची आणि गिऱ्हाईकानं हुं की चूं करायचं नाही, या एकतर्फी व्यवहाराला तिथलेच लोक कंटाळले आहेत. गिऱ्हाइकांच्या दमदाटीविरुद्ध तोक्यो महानगरानं अध्यादेश केला, तो 1 एप्रिल 2025पासून लागू आहे. 1952च्या शिफारशीतला ‘परस्पर’ हा शब्द काउंटरपाशी पोचायला एवढा काळ गेला.

तरीही परक्या माणसाला केइगो हाच जपानीतला सोपा भाग आहे, असं माझं मत होत चाललं आहे. ऐकणारे हसतात. पण कचेरीत काय बोलायचं हे ठरलेलं असतं. निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’, सहकाऱ्याला ‘ओत्सुकारेसामा देसु’, दार उघडताना एक, बंद करताना एक. वीसेक क्रियापदं, तेवढीच ठराविक वाक्यं, आणि आत-बाहेरची रेघ. यात तुमची विनोदबुद्धी, तुमचं वय, तुमचं कूळ काही लागत नाही. खरी दमछाक होते ती कामानंतर इझाकायात, म्हणजे तिथल्या पबमध्ये, बियरचा पहिला ग्लास संपला आणि तेच सुझुकी टाय सैल करून साध्या भाषेत बोलायला लागले की. तिथे कितपत जवळ जायचं, क्रियापदाचा आदर कितपत काढायचा, कोणत्या वाक्यावर परत चढवायचा, याचा धडा कुठल्याच पुस्तकात नाही.

जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, हे शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वाचून आणि ऐकून एन-1, म्हणजे तिची सर्वांत वरची पातळी, पास होता येतं, एकदाही तोंडानं ‘हाइकेन’ न म्हणता. पुण्यात दर वर्षी अशी हुशार मुलं माझ्यासमोर मुलाखतीला येतात. तक्ता विचारला तर घडाघडा म्हणतात, आणि ‘साहेब जागेवर नाहीत असं ग्राहकाला सांगा’ म्हटलं की साहेबांना ‘सान’ लावून मोकळी होतात. तेव्हा जपानी कंपनीत लागलात आणि कुणी विचारलं, की बाहेरचे फोन कोण घेईल, तर हात वर करा. सुरुवातीचे काही फोन वाईट जातील. ते ऐकणारी माणसं सवयीची असतात.